रोड रेस : एकट्याची की संघाची?

एक पालक, हजीरा



थंडी पडू लागली की आपल्या शाळेत क्रीडा सप्ताहाची कुजबुज सुरू होते. खो-खो, कबड्डी, लंगडी, गोळाफेक, आणि शेवटच्या दिवशी सकाळी रोड रेस. या रोड रेसबद्दल मला थोडे बोलायचे आहे. आज तिचा नियम अगदी सोपा आहे. सर्वांनी एकदम सुटायचे, पहिल्या तीन मुलांना व पहिल्या तीन मुलींना पदक, बाकीच्यांना केळे आणि बिस्किटाचा पुडा. त्यामुळे होते असे, की दरवर्षी तीच आठ-दहा मुले जीव तोडून धावतात आणि उरलेली पहिल्या वळणानंतर गप्पा मारत चालत येतात. शिवाय एक तिसरा गट असतो. तो कडेला उभा असतो. पायाला क्रेप बँडेज, हातात मित्रांचे स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या. गेल्या वर्षी धावत होता, पुढच्या वर्षी धावेल की नाही ते ठाऊक नाही. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या गटासाठी आहे.

माझे म्हणणे एवढेच, की वैयक्तिक पदकांबरोबर संघाचेही बक्षीस असावे, संघ सहा जणांचा असावा, आणि दुखापतीतून उठलेल्या मुलाला किंवा मुलीला त्या सहांत हक्काची जागा मिळावी.

आपण राहतो तो रस्ता आधी पाहू. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत आणि आता ५३ म्हणतात, तो आपल्या हजीऱ्याहून सुरू होतो. इथून सुरत, नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा जातो. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या घरांचे गाव याच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास आहे. आपले आजोबा-वडील याच दिशेने इकडे आले. कुणी सुरतेच्या मागांवर, कुणी रेल्वेत, आणि १९८५ च्या सुमारास हजीऱ्याला वायू आणि खताचे प्रकल्प उभे राहिल्यावर कुणी थेट इथे. तापी नदीही तिकडूनच येते आणि इथे खाडीला मिळते. (इतिहासाच्या पुस्तकात आपले सुरतेशी नाते १६६४ पासून सुरू होते, पण तो विषय इथे शेजाऱ्यांसमोर जपून काढावा लागतो!)

तर या रस्त्यावर आता पहाटे कोण धावते? इच्छापोर, कवास, मोरा या बाजूला पाच-साडेपाचला निघा. ट्रेलरच्या रांगेच्या कडेने, मातीच्या पट्ट्यावरून, अठरा ते बावीस वर्षांची मुले धावताना दिसतील. मुलीही दिसतात, दोघी-तिघी मिळून. ही मुले छंद म्हणून धावत नाहीत. गुजरात पोलिसांच्या भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर २५ मिनिटांत आणि महिलांना १६०० मीटर साडेनऊ मिनिटांत पूर्ण करावे लागतात. महाराष्ट्रात पोलिस शिपाई भरतीला पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटरची धाव आहे. सैन्याच्या भरतीतही धाव असतेच. लिंबायत, उधना, डिंडोली भागात तर एकेका गल्लीत असे चार-पाच उमेदवार सापडतात. घरी मागावर किंवा साडीच्या दुकानात काम करणारे वडील, आणि सगळ्या घराची नजर त्या एका धावेवर. वयाची अट असते, भरती दरवर्षी निघत नाही. भरतीच्या महिनाभर आधी नडगी दुखू लागली, तर तो मुलगा काय करतो? गोळी घेतो आणि धावतो. कारण थांबलो तर संपलो, असे त्याला वाटते.

हे वाटणे कुठून येते, यावर मी बराच विचार केला आहे. माझ्या मते ते शाळेतून येते. शाळेत आपण त्याला दोनच जागा दाखवतो, पदकाची आणि कडेची. मधली जागा आपण कधी आखलीच नाही.

आता दुखापतीबद्दल थोडे, कारण पालकांना याची माहिती असणे गरजेचे आहे. वाढत्या वयातल्या मुलांचे दुखणे मोठ्यांसारखे नसते. आठ ते चौदा या वयात टाचेच्या मागे दुखणे आणि साधारण दहा ते पंधरा या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखणे, ही दोन्ही दुखणी हाड वाढत असते तिथे पोटरीचा किंवा मांडीचा स्नायू वारंवार ओढला गेल्याने होतात. पोरगे कामचुकार नाही, त्याची उंची वाढते आहे. खेळ थोडा कमी केला, ताण देण्याचे व्यायाम केले की बहुतेकांचे ते वाढ पूर्ण होता होता थांबते. नडगीच्या आतल्या कडेला लांबपर्यंत दुखते, ते वेगळे. धावणे एकदम वाढवले, सिमेंटच्या रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी धावले की ते होते. पण तेच दुखणे बोटाने दाबून दाखवता येईल अशा एका बिंदूवर आले, रात्री झोपेतही ठणकू लागले, तर हाडाला बारीक तडा गेला असण्याची शक्यता असते. तिथे तेल चोळणे, शेक देणे आणि गोळी घेऊन धावणे यांनी तडा मोठा होतो. डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा पुष्कळदा दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. "एक्स-रे चांगला आला, आता पळ" असे लगेच म्हणू नये.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कुणी वाईट वाटून घेऊ नये. धावणारी मुलगी पोटभर जेवत नसेल, सकाळी उपाशीपोटी सराव आणि दुपारी डब्यात एक पोळी असे चालले असेल, आणि तिची पाळी महिनोन्‌महिने येत नसेल, तर तिची हाडे कमजोर होत असण्याचा धोका असतो. हे आयांनी आणि आपल्या शिक्षिकांनी विचारायला हवे. क्रीडाशिक्षक पुरुष असतील तर त्यांना ती सांगणार नाही.

आणखी एक साधी गोष्ट आहे, पण ती कळायला वेळ लागतो. थांबून पुन्हा धावायला लागल्यावर दम लवकर परत येतो. तीन-चार आठवड्यांत छाती म्हणते, चला. पण हाड, शिरा आणि सांध्यांचे बंध इतक्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. या मधल्या काळातच माणूस पुन्हा जायबंदी होतो, कारण दम असतो आणि पाय नसतात. एकटा धावणारा इथेच फसतो. त्याला अडवणारे कुणी नसते. सोबत चार माणसे असतील, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने धावायचे ठरले असेल, तर वेग आपोआप आवरला जातो.

आता महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा अविनाश साबळे. आईवडील शेतकरी. लहानपणी गाडीची सोय नसल्याने सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी किंवा धावत जायचा. बारावीनंतर सैन्यात, पाचव्या महार बटालियनमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी नेमणुका झाल्या. म्हणजे ज्या भरतीसाठी आपली मुले पहाटे धावतात त्याच वाटेने तो गेला, आणि तोवर तो खेळाडू नव्हताच. २०१५ साली सैन्यातल्या आंतरविभागीय क्रॉस-कंट्री शर्यतीत उतरला, आणि तिथून त्याचे धावणे सुरू झाले. क्रॉस-कंट्री हा संघाचा खेळ आहे, हे इथे लक्षात घ्या. पुढे प्रशिक्षक अमरिश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवले.

२०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी त्याची पात्रता हुकली. ज्या वयात खेळाडू बहरतो त्या वयात चार वर्षांनी येणारी स्पर्धा गेली. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, म्हणजे ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे हा विक्रम त्याने स्वतःच कितीतरी वेळा मोडला आणि २०२४ मध्ये पॅरिसला तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणून ठेवला.

रोड रेसशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. २९ नोव्हेंबर २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनला मोजकेच नामवंत धावपटू प्रत्यक्ष रस्त्यावर होते. हौशी मंडळींनी आपापल्या गावी मोबाइलवर नोंद ठेवून धावायचे होते. त्या शर्यतीत साबळे १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत आला, एकूण क्रमांक दहावा. त्याआधीचा राष्ट्रीय विक्रम महाराष्ट्राच्याच कालिदास हिरवे यांचा होता, १ तास ३ मिनिटे ४६ सेकंद. तीन मिनिटांहून मोठा फरक! आपल्यापेक्षा वेगवान मंडळी पुढे आणि आजूबाजूला असली की वेग कसा सापडतो, याचा हा नमुना. दहावा आला आणि विक्रम केला. आपल्या शाळेच्या नियमाने त्याला केळे आणि बिस्किटाचा पुडा मिळाला असता.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळाले, सुवर्णापासून अवघे ०.०५ सेकंद दूर. १९९८ ते २०१८ या काळात त्या शर्यतीची सगळी पदके केनियाच्या धावपटूंनी नेली होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आणि जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पडून गुडघ्याचा बंध फाटला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरच्या टोकियोतील जागतिक स्पर्धेला तो मुकला. अशा शस्त्रक्रियेनंतर पूर्ण जोमाने खेळायला साधारणपणे नऊ महिने ते वर्ष लागते. त्याच्याजवळ सैन्य आहे, डॉक्टर आहेत, प्रशिक्षक आहेत. आपल्या डिंडोलीच्या मुलाजवळ काय आहे, तर शेजारचा एक मित्र आणि मेडिकलवाला.

आपल्या अगदी शेजारचे उदाहरणही आहे. डांगच्या कराडी आंबा गावची सरिता गायकवाड. आधी खो-खो खेळायची, मग धावण्याकडे वळली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत हिमा दास, पूवम्मा आणि विस्मया यांच्याबरोबर ४ गुणिले ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक तिने मिळवले. डांगचाच मुरली गावित २०१९ मध्ये दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आला. डांग इथून काही दूर नाही. तिथली बोली आपल्याला सहज कळते. तरी आपल्या मुलांना सरितापेक्षा परदेशी फुटबॉलपटूंची नावे अधिक पाठ आहेत, असो.

माझा स्वतःचा अनुभव थोडक्यात सांगतो. मी कारखान्यात मेंटेनन्स खात्यात आहे. दिवसभर लोखंडी जिन्यांवर चढ-उतार. २०१२ च्या सुमारास टाच धरली, सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टेकवत नसे. ती दोन वर्षांनी बरी झाली तर गुडघा सुरू झाला. मग मधे एकदा पोटरी. असे करत दहा वर्षे गेली. या काळात आमच्या वसाहतीतली मंडळी दर थंडीत कुठे ना कुठे धावायला जात आणि मी त्यांच्या पिशव्या सांभाळत असे. कडेला उभे राहणे काय असते ते मला चांगले ठाऊक आहे. लोक वाईट वागत नाहीत. उलट फार चांगले वागतात, आणि हळूहळू तुम्हाला विचारायचे सोडून देतात.

मग एका वर्षी शहरातल्या १० किलोमीटरच्या शर्यतीसाठी चौघांनी मला पाचवा म्हणून घेतले. एक क्रेन ऑपरेटर, एक प्रयोगशाळेतला, एक ओडिशाचा वेल्डर आणि एक आमचे निवृत्तीला आलेले फोरमन, ज्यांना सगळे काका म्हणतात. अट काकांनी घातली : पाचही जण एकत्र सुटायचे, एकत्र पोहोचायचे, आणि वेग सर्वांत हळू माणसाचा. तयारीला पाच महिने दिले. सुरुवातीला एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. आठवड्यात तीनच दिवस. क्रेन ऑपरेटरची नाइट असली की त्याच्यासाठी वेळ बदलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा कसा आहे, ते मी काकांना कळवायचे आणि त्यावर पुढचा दिवस ठरायचा. एवढी देखरेख घरच्यांनीही केली नव्हती. काका वैद्य नव्हेत, पण चाळीस वर्षे यंत्रांचे बेअरिंग ऐकलेला माणूस. कुठे आवाज बदलला ते त्यांना बरोबर कळते.

शर्यतीच्या दिवशी सातव्या किलोमीटरला मी नाही, तो वेल्डर ढिला पडला. रात्री झोप झाली नव्हती. मग सगळ्यांनी त्याच्या वेगाने चालायला सुरुवात केली. आम्हाला मागे टाकून शाळकरी मुले गेली, एक आजी साडीवर गेल्या. आमची वेळ सांगण्यासारखी नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा मात्र जागेवर होता, आणि तेव्हापासून मी दर हिवाळ्यात धावतो आहे. एका माणसाच्या अनुभवावरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे. म्हणून बाहेर काय चालते तेही पाहिले.

जपानमध्ये एकिडेन नावाची रस्त्यावरची रिले शर्यत असते. पहिली १९१७ साली क्योटो ते टोकियो झाली. विद्यापीठांची हाकोने एकिडेन १९२० पासून आहे. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला होते, प्रत्येक संघात दहा धावपटू, जाऊन-येऊन दोनशेहून अधिक किलोमीटर. बॅटनऐवजी खांद्यावरून तिरका बांधलेला कापडी पट्टा असतो, तो पुढच्याच्या हाती द्यायचा. सगळा देश टीव्हीसमोर बसतो. हे फार सुंदर आहे, पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ठरावीक वेळेत मागचा धावपटू आला नाही तर पुढच्याला दुसराच पट्टा बांधून सोडून देतात. मग मागाहून येणारा तो मुलगा आपल्या संघाचा पट्टा हातात घेऊन रिकाम्या जागी पोहोचतो. दुखऱ्या पायाने, लंगडत, कोसळत पट्टा पोहोचवणारी मुले तिथे दिसतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या पटत नाहीत. संघासाठी पाय मोडून घेणे हे कौतुकाचे काम नव्हे, आणि शाळेत तर मुळीच नव्हे.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन याच्या उलट टोकाची. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ पासून पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन यांच्या दरम्यान ती होते, सुमारे ९० किलोमीटर. तिथे 'बस' नावाची पद्धत आहे. एक अनुभवी धावपटू 'ड्रायव्हर' होतो, कुठे धावायचे, कुठे चढावर चालायचे ते ठरवतो आणि शेकडो लोक त्याच्या मागे एका लयीत, कधी गाणी म्हणत धावतात. मुदत संपायच्या आत सगळ्यांना पोहोचवायचे एवढेच त्या बसचे काम. आमचे काका म्हणजे अशा बसचे ड्रायव्हरच. (पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव गुजरातेत नव्याने सांगायला नको. १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवले ते हेच स्टेशन.)

या दोन टोकांच्या मधला नियम मला क्रॉस-कंट्रीत सापडला. जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धेत मोठ्या गटात एका देशाचे सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवून बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. सहापैकी दोघांचे क्रमांक मोजलेच जात नाहीत. म्हणजे दुखापतीतून आलेल्या मुलावर ओझे नाही. तो सावकाश आला, चालत आला किंवा मध्येच थांबला, तरी संघाचे काही जात नाही. कुणी त्याला "तुझ्यामुळे हरलो" म्हणू शकत नाही.

मग त्या दोघांचा उपयोग काय? इथेच गंमत आहे. मुलांनो, वहीत मांडून पाहा. समजा लाल संघाचे सहा जण २, ५, ११, १४, १५ आणि १६ व्या क्रमांकावर आले. निळ्या संघाचे पहिले चौघे १, ३, १२ आणि १७ व्या क्रमांकावर. लालची बेरीज ३२, निळ्याची ३३. पहिला आलेला मुलगा निळ्याचा, तरी लाल जिंकला. आता लालचे पाचवा आणि सहावा हे दोघे मागे राहिले असते तर निळ्याचा चौथा मुलगा १७ ऐवजी १५ वा आला असता आणि निळ्याची बेरीज झाली असती ३१. म्हणजे ज्यांचे क्रमांक मोजले नाहीत त्यांनीच सामना जिंकून दिला! गणिताच्या सरांनी हे फळ्यावर घ्यावे, मुले बेरीज विसरणार नाहीत.

काही हरकती माझ्या कानावर आल्या आहेत. एक पालक म्हणाले, "संघ केला की हुशार धावणाऱ्याचे नुकसान होते, त्याला इतरांसाठी थांबावे लागते." या नियमात थांबावे लागत नाही. पहिल्या तिघांची पदकेही तशीच राहतात. खेल महाकुंभ २०१० पासून भरतो आहे आणि तिथे निवड वेळेवर होते, ती वेळ मुलाला इथेही मिळेल. दुसरी हरकत खर्चाची. सहा पदके जास्तीची लागतील आणि क्रमांक लिहून घ्यायला दोन शिक्षक. एवढा खर्च विश्वस्तांना जड जाईल असे वाटत नाही, आणि जड गेलाच तर आमच्या वसाहतीतली मंडळी तो उचलतील. पदक नको असेल तर सहा जणांचा एक फोटो पुरे, शाळेच्या जिन्यात लावायला.

तिसरी हरकत गंभीर आहे आणि ती एका शिक्षिकेने काढली. त्या म्हणाल्या, संघात जागा मिळते म्हटल्यावर दुखणारी मुले दुखणे लपवून उतरतील. ही भीती खरी आहे. त्यावर माझ्याजवळ अर्धेच उत्तर आहे. आज मुले लपवतात ती जागा जाईल म्हणून. जागा जाणार नाही हे नियमातच लिहिले तर लपवण्याचे कारण कमी होईल. म्हणून शर्यतीच्या सहा आठवडे आधी संघ जाहीर करावेत, आणि संघात असलेले मूल दुखण्यामुळे धावू शकले नाही तरी ते संघातच राहावे, फोटोत असावे, बदली खेळाडू सातवा म्हणून धावावा. आणि ज्या मुलाच्या नडगीवर बोट ठेवताच ते कळवळते, त्याला क्रीडाशिक्षकांनी सुटू देऊ नये, मग त्याचे वडील प्रवेशद्वाराशी कितीही बोलोत. वडिलांशी बोलायला शिक्षकांना एकटे सोडू नये, तिथे एखादे विश्वस्त उभे असावेत. आपल्या समाजात विश्वस्तांचा मान आहे, तो अशा वेळी कामास येतो.

उरलेल्या काही गोष्टी व्यवहाराच्या. शर्यत महामार्गाच्या कडेने नेऊ नये. पहाटे धुके असते आणि ट्रेलरचालक रात्रभर जागलेले असतात. आतल्या रस्त्यांवर एक-दीड किलोमीटरचे आवर्तन करावे, म्हणजे मुले दोनदा-तीनदा आपल्यासमोरून जातील आणि कुणी लंगडत असेल तर दिसेल. सुवालीच्या किनाऱ्यावर घ्यावी असेही कुणी सुचवले होते. १६१२ मध्ये तिथे इंग्रज आणि पोर्तुगीज आरमार लढले, जागा ऐतिहासिक खरी. पण किनारा उतरता असतो आणि एक पाय सतत खाली पडतो, दुखऱ्या घोट्याला ते बरे नाही. सहल तिकडे न्यावी, शर्यत नको. वेळ सकाळी सात ते आठ ठेवावी. जानेवारीतही आपल्याकडे नऊनंतर ऊन आणि दमटपणा जाणवू लागतो.

बुटांचे काय, हा प्रश्न राहतो. महाग बूट घ्या असे मी म्हणणार नाही. पण तळवा झिजून एका बाजूला कललेला बूट मोठ्या भावाकडून धाकट्याकडे येतो, तो तेवढा थांबवा. शाळेने जुने पण चांगले बूट जमा करून मापाप्रमाणे कपाटात ठेवले तर शर्यतीआधी महिनाभर मुलांना वापरायला देता येतील. आमच्याकडून पहिले सहा जोड मी आणून देतो.

संघ कसे पाडायचे, त्यावर एक सूचना. मुलांना स्वतः निवडू दिले तर सगळे वेगवान एकत्र येतील आणि बँडेजवाला पुन्हा कडेलाच राहील. म्हणून प्रत्येक वर्गात क्रीडाशिक्षकांनी गेल्या वर्षीच्या क्रमांकांवरून सहांचे गट करावेत, प्रत्येक गटात एक तरी असा, जो गेल्या वर्षी धावू शकला नव्हता. सरावाला गटाने एकत्र यावे, आठवड्यातून तीन दिवस, शाळा भरण्याआधी अर्धा तास. मोठ्या वर्गांतून प्रत्येक गटाला एक 'काका' किंवा 'ताई' द्यावी, जी धावणार नाही, फक्त दुसऱ्या दिवशी विचारील, "काल धावलास, आज जिना उतरताना कसे वाटले?"

विश्वस्त मंडळाची पुढची बैठक होईल तेव्हा हा विषय घ्यावा, अशी विनंती मी लेखी दिली आहे. बैठकीला पालक प्रतिनिधींना बोलावतात. ज्यांना याच्या विरुद्ध बोलायचे असेल त्यांनीही जरूर यावे. आणि ज्या मुलांना यंदा पायामुळे धावता येणार नाही असे आत्ताच वाटते आहे, त्यांनी आपले नाव क्रीडाशिक्षकांकडे देऊन ठेवावे. यादी करायला तेवढ्यापासून सुरुवात होईल.